वेताळाचं वांगं झालं! सिनेमाने तुमच्या कॉमिकमधल्या हिरोचं काय केलं? (अनुभव धागा)

गोदाकाठचा, गंगाखेड

दिवाळीची झाडझूड म्हणून माळा रिकामा करायला घेतला. मागं सरकवलेली पत्र्याची पेटी निघाली. वर दादाच्या कापसाच्या जुन्या पट्ट्या, काच नसलेला कंदील, आणि त्याच्याखाली पंचवीस-तीस इंद्रजाल कॉमिक्स, वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे. मी तिथंच पाय खाली सोडून बसलो आणि वाचायला लागलो. खालून बायको, "अहो धूळ पडू लागली, कणीक उघडी आहे!"

तेवढ्यात भाचा वर आला. नववीत आहे. एक अंक उचलला, वेताळाकडं बघितलं आणि म्हणाला, "मामा, हा तो वांगेवाला ना?" लगेच मोबाईलवर १९९६ च्या इंग्रजी सिनेमातला तुकडा काढून दाखवला. बिली झेन, नखशिखांत जांभळा, जंगलातून घोडा पळवतोय.

वांग्याचा मला राग नाही आला, कारण तो शब्द आमचाच आहे. सातवीत असताना गंगाखेडातला एकविसावा वेताळ मी होतो (कॉमिकमध्ये वेताळपण बापाकडून पोराकडं येतं, चालू असलेला एकविसावा). बसस्टँडजवळच्या दुकानात चार आणे रोजाने अंक मिळायचे. सायकलच्या नटाची अंगठी केली होती, वर ब्लेडने कवटी कोरलेली. वेताळाचा ठोसा बसला की कवटी उमटते, म्हणून चुलतभावाच्या हनुवटीवर मारून बघितली. कवटी काही उमटली नाही, टाके दोन पडले. मग ९८ च्या आसपास तो सिनेमा केबलवर लागला. आम्ही सहा-सात जण मित्राच्या खोलीवर. मी सगळ्यांना आधीच बजावलेलं, गप बसा, बघा आज. वेताळ आला आणि कुणीतरी म्हणालं, "अरे हे तर भरताचं वांगं!" खोली लोळायला लागली. सगळ्यात मोठ्यानं हसलो मी. मित्रांत आपलं हसं नको म्हणून. ते अजून सलतं. म्हणणारा पुढं आमचा दाजी झाला, म्हणजे भाच्याला शब्द कुठून मिळाला ते कळलं.

तुमच्या हिरोचं सिनेमाने भलं केलं का वाटोळं? लिहा. लांब झालं तरी चालेल, मी माळ्यावरच आहे.

ता. क. पेटीतल्या एका अंकाची शेवटची दोन पानं नाहीत. वेताळ भुयारात अडकलाय, पाणी छातीला लागलंय, पुढं फक्त पिनेचा गंज. लहानपणीपण ती पानं नव्हती. त्याचं काय झालं हे मला अजून माहीत नाही.

खुलताबादी

काय झालं म्हणजे? वाचला असणार ना यार. पुढं शेकडो अंक निघाले की.

गोदाकाठचा

वाचला ते माहीत आहे. कसा ते माहीत नाही.

मिरगाचा पाऊस, बीड

आमच्या गावच्या शिवेवर वेताळाचा शेंदूर फासलेला धोंडा आहे. अमावास्येला नारळ फुटतो. तर एक दिवस आजीने भावाच्या दप्तरातून हे पुस्तक काढलं आणि मला विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी वाचून दाखवलं, "वेताळ." झालं. घरात देवघर आहे, ते पुस्तक उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग सगळे अंक गोठ्यात, कडब्याच्या वर. आमच्याकडच्या इंद्रजालला शेणाचा वास यायचा, आजही पुस्तकाला तसा वास आला तर मला बरं वाटतं.

चांदोबातला विक्रमाच्या खांद्यावरचा, शिवेवरचा आणि हा घोड्यावरचा, तिन्ही वेताळ मला सख्खे भाऊ वाटायचे. धाकटा तेवढा शिकून परदेशी गेलेला.

सिनेमा मी बघितला नाही आणि बघणारपण नाही. माझ्या डोक्यातल्या वेताळाचा आवाज आमच्या पोस्टमनकाकांचा आहे. तो तसाच राहू द्या.

पानं मोजणारा

धाकटा भाऊ परदेशी, हे मस्त. वांग्याबद्दल थोडं वेताळाच्या बाजूने. वेताळाचा कर्ता ली फॉक, त्याने १९३६ ला वर्तमानपत्रात चित्रपट्टी सुरू केली ती काळ्या-पांढऱ्यात, आणि त्याच्या मनात पोशाख करडा होता. रविवारच्या रंगीत पुरवणीत तो जांभळा छापला गेला आणि तोच कायम झाला. स्वीडनमध्ये वेताळ निळा, इटलीत लाल. म्हणजे रंगाचा घोटाळा सिनेमाच्या फार आधीचा. कागदावर जांभळा चालून जातो, कारण आजूबाजूचं जंगलपण पोपटी-गुलाबी असतं. खऱ्या झाडांत खरा माणूस उभा केला की डोळ्यात खुपतो.

इंद्रजालवाल्यांनी पण आपल्यासाठी कमी बदल केले नव्हते. मूळ पट्टीत जंगल 'बंगाली'चं होतं, आपल्याकडं डेंकाली केलं, नाहीतर लोक कलकत्त्याचं तिकीट काढायचे. वेताळाचे वैरी चाचे 'सिंग' होते ते 'सिंगा' झाले. कारण उघड आहे.

रानमेवा

वांग्याचं भरीत म्हटलं की मला पुढचं काही दिसतच नाही. हुरड्याचे दिवस जवळ आले. कुणाकडं आहे यंदा?

टँकरमुक्त, जालना

@रानमेवा आमच्याकडं या, ज्वारी पोटऱ्यात आहे. दाण्याची चटणी पण होईल.

बरं, विषय. डिसेंबर २०१८. दुष्काळ जाहीर झालेला, गल्लीत आठव्या दिवशी टँकर. आणि त्याच महिन्यात ॲक्वामॅनचा सिनेमा. आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांनी टँकरवाल्या भाऊंचं नाव ठेवलं ॲक्वामॅन. भाऊ म्हणजे पन्नाशीचे, टक्कल, कायम खाकी शर्ट. पहिल्यांदा ते चिडले. त्यांना वाटलं शिवी आहे. कारण एका पोराने सांगितलं होतं की हा माशांशी बोलतो, बाकी काही येत नाही, इंग्रजी कार्टूनमध्ये त्याची लोक चेष्टा करतात.

मग कुणीतरी मोबाईलवर पोस्टर दाखवलं. जेसन मोमोआ. केस खांद्यावर, दंडावर गोंदण, हातात त्रिशूळ. भाऊंनी पोस्टर पुष्कळ वेळ बघितलं. झूम करून बघितलं. दुसऱ्या दिवशी टँकरच्या मागं रेडियमवाल्याकडून त्रिशूळ लावून आणला. आजी लोक म्हणायच्या, महादेवाचा आहे, बरं झालं. आणि खरं सांगतो, त्रिशूळ आल्यापासून पाईपावरून भांडणं कमी झाली. भाऊ "लाईन!" म्हणले की लाईन.

खुलताबादी

त्रिशूळ! हौ ना यार, मराठवाड्यात ॲक्वामॅन म्हणजे टँकरवालाच. जायकवाडीत सोडला असता तर मृतसाठ्यात गुडघाभर उभा राहिला असता बिचारा.

लातूरची लेक

आमच्याकडं तर २०१६ ला पाणी रेल्वेने आलं. मिरजेवरून. ॲक्वामॅनला स्लीपरचं तिकीट काढून बोलवायला पाहिजे होतं.

पानं मोजणारा

टँकरवाल्या भाऊंचं उदाहरण एकदम नेमकं. ॲक्वामॅन १९४१ चा, म्हणजे म्हातारा गडी. पण सत्तरच्या दशकातल्या कार्टूनमध्ये तो समुद्री घोड्यावर बसून माशांना हाका मारायचा, ते लोकांच्या डोक्यात बसलं आणि पुढं चाळीस वर्षं तो विनोदच राहिला. कॉमिकवाल्यांनी मधे त्याला दाढी दिली, एक हात तोडून हुक लावला, लोकांनी ढुंकून बघितलं नाही. एका सिनेमाने सगळं पुसलं. एक अब्ज डॉलरच्या वर कमाई.

ट्यूशन गल्ली

मी वयाने लहान आहे सगळ्यांत, कॉमिक एकपण वाचलं नाही. नीटची तयारी चालू आहे (चालू होती म्हणा, ब्रेकमधे लिहितोय). आमच्या खोलीत चार जण, भिंतीवर आयर्न मॅन. मला वाटायचं तो पहिल्यापासून नंबर एक आहे. काल सरांना विचारलं तर म्हणाले आमच्या वेळी आयर्न मॅन कुणाला माहीत नव्हता. खरं आहे का?

पानं मोजणारा

खरं आहे. १९६३ पासून होता, पण दुसऱ्या फळीतला. त्याच्या मार्व्हल कंपनीचं १९९६ ला दिवाळं निघालं होतं, आणि त्याच्या आगेमागे पैशासाठी हातातली मोठी नावं त्यांनी विकली. स्पायडरमॅनचे सिनेमाचे हक्क सोनीकडं, एक्स-मेन फॉक्सकडं. घरात उरलं ते घेऊन स्वतः सिनेमा काढायचा ठरला तेव्हा हा उरलेल्यातला. लग्नात सोयाबीनची भाजी संपल्यावर घाईघाईत केलेलं पिठलं सगळ्यांना जास्त आवडावं तसं झालं. त्यातला नट रॉबर्ट डाउनी ज्युनिअर पण तेव्हा कुणाला नको होता, व्यसन, तुरुंग सगळं करून आलेला. २००८ ला सिनेमा आल्यानंतर कॉमिकमधला टोनी स्टार्कसुद्धा (म्हणजे आयर्न मॅनच) त्याच्यासारखाच फटकळ बोलायला लागला.

ट्यूशन गल्ली

म्हणजे ड्रॉपर होता. रिपीटरच्या बॅचमधून आला आणि टॉप केला. आज रूमवर सांगतो.

नमस्ते नांदेड

माझा घाव वेगळा आहे. हैदराबादला मावशी राहायची. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं लागतात, तिथून मी स्पायडरमॅनचे इंग्रजी अंक आणायचो. इंग्रजी निम्मं कळायचं नाही पण चित्रात स्पष्ट दिसायचं, पीटर पार्कर मनगटावर बांधायचं यंत्र स्वतः बनवतो. जाळ्याचं रसायन स्वतः बनवतो. हुशार पोरगा आहे तो, हाच तर मुद्दा!

मी पण बनवलं. रंगपंचमीची छोटी पिचकारी, सलाईनची नळी, आत फेविकॉल आणि पाणी. मनगटाला आईच्या जुन्या पर्सचा पट्टा. दोन फुटांवर चिकट थेंब पडायचा. आमच्या वाड्यात माझी वट होती.

२००२ ला सिनेमा आला. त्यात यंत्रबिंत्र काही नाही, कोळी चावला की मनगटातून आपोआप जाळं. दुसऱ्या दिवशी मामेभावाने सगळ्यांसमोर सांगितलं, "हा येडा आहे. स्पायडरमॅनला मशीन नसतं." मी अंक आणून दाखवला. तो म्हणाला पुस्तक डुप्लिकेट आहे, फुटपाथचं आहे ना. आख्ख्या वाड्याने मान डोलावली. पिचकारी मी स्वतः संडासामागं फेकून दिली.

दहा वर्षांनी, २०१२ ला, नवा स्पायडरमॅन आला आणि त्यात मनगटावर यंत्र! मी इंटरव्हलला बाहेर येऊन मामेभावाला फोन लावला. तो तेव्हा पुण्यात, मीटिंगमध्ये. म्हणलं, "मशीन असतं." तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

मिरगाचा पाऊस, बीड

"कोण बोलतंय" ला मी भाजी ढवळता ढवळता हसले, मुलगी विचारायलीय काय झालं.

पानं मोजणारा

तुमच्या जखमेवर मीठ चोळतो. त्या सिनेमानंतर २००४ ला कॉमिकमधल्या पीटरलापण मनगटातून जाळं यायला लागलं. पुस्तक सिनेमाच्या मागं गेलं. पुढं परत यंत्रावर आले.

नमस्ते नांदेड

म्हणजे काही वर्षं मामेभाऊ कागदावरपण बरोबर होता?? हे त्याला सांगू नका.

खुलताबादी

माझा नंबर. मोठ्या भावाचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. ८९ चा बॅटमॅन त्याने व्हिडिओवर बघितला आणि पेंटरला बोलावून पाटीवर पिवळ्या गोलात काळं वटवाघूळ काढून घेतलं. गॅरेजचं नाव खाली बारीक, वटवाघूळ हे एवढं. पेंटर म्हणाला भाई लोक घाबरतील, अपशकुन आहे. भाई म्हणाला, नक्को बोलू, काढ.

आठ वर्षं ती पाटी चालली. लोक पत्ता सांगायचे, "चमगादड के बाजू में." मग ९७ चा बॅटमॅन आला. जॉर्ज क्लूनी. सूटवर छातीला बोंडं काढलेली (बायकापोरं वाचत असतील तर माफी, पण खरंच होती). बॅटमॅनच्या नावाचं क्रेडिट कार्ड. अर्नॉल्ड चांदीचा रंग फासून बर्फाचे जोक मारतोय. थेटरातून परत आलो तर दोन गिऱ्हाइकं पाटीखाली उभी राहून छातीला हात लावून हसू लागली. भाईने आठवड्यात पाटी काढली. नवी साधी लाल अक्षरांची. जुनी पत्र्याची पाटी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेली, चित्र खाली.

आता २००८. डार्क नाईट आला. ज्याच्या त्याच्या मोबाईलला जोकर. गॅरेजला येणारी पोरं भाईला विचारतात, चाचा, इथं एक बॅटमॅनची पाटी होती म्हणे? भाईने टाकीवर चढून झाकण उलटं केलं. अकरा वर्षांची वाफ खाऊन पिवळा रंग गेलेला, वटवाघळाचा एक पंख शाबूत. पोरं त्याच्यासोबत फोटो काढून गेली. भाई रात्री मला म्हणतो, "बोर्ड मैंने जल्दी उतारा क्या रे?"

पानं मोजणारा

क्लूनीने स्वतः त्या सिनेमाबद्दल कितीदा तरी माफी मागितली आहे, तुमच्या भाईंना कळवा. त्यानंतर आठ वर्षं बॅटमॅनचा सिनेमाच आला नाही, थेट २००५.

पण बॅटमॅनला याची सवय आहे. १९६६ च्या टीव्ही मालिकेने पण त्याचा असाच विदूषक केला होता, ढिशूम-ढिशूमची अक्षरं पडद्यावर यायची. मग सत्तरच्या दशकात कॉमिकवाल्यांनी मेहनत करून त्याला परत रात्रीत नेलं, ८६ ला फ्रँक मिलर या कॉमिकवाल्याने आणखी काळा केला, त्या जोरावर ८९ चा सिनेमा निघाला. एकदा कागदाने वाचवला, एकदा सिनेमाने. वेताळाला हे नशीब मिळालं नाही. त्याचा एक सिनेमा पडला आणि तोवर आपल्याकडं इंद्रजाल १९९० लाच बंद झालेलं. कागदावर परत उभा करणारं इथं कुणी राहिलंच नव्हतं.

गोदाकाठचा

हे पटलं. बुडाला त्याचं दुःख नाही. वर काढायला दोरी नव्हती.

हळदीचं गाव, हिंगोली

सगळे बाप्ये बोलू लागलेत, मी एक टाकते. २०१७ ला वंडर वुमन बघून आली पोरगी (तेव्हा दुसरीत). दप्तर पाहिजे तर तिचंच. आख्खं मार्केट फिरलो. स्पायडरमॅन, स्पायडरमॅन, गाड्या, आणि मुलींसाठी बाहुल्या. एका दुकानदाराने तर सांगितलं, "ताई, ते पोरींचं हिरो चालत नाही." मग साधं निळं दप्तर घेतलं आणि शिवणाऱ्या बाईकडून सोनेरी लेस आणून मीच वर टिकली-टाक्याने ते चिन्ह केलं. घुबडासारखं झालं. तरी नेलं तिने तीन वर्षं.

२००४ ला कॅटवुमन पडला होता. हॅली बेरी वाईट अभिनयाचं ते रॅझी बक्षीस घ्यायला स्वतः गेली, दुसऱ्या हातात स्वतःचं ऑस्कर घेऊन. मला ती तिथं फार आवडली. पण गंमत बघा. पुरुषाचा पडला तर त्या हिरोचं नाव खराब होतं. बाईचा पडला तर सगळ्या बायकांचं. तेरा वर्षं गेली मधे. दुकानदार तेच बोलत होता, त्याला बिचाऱ्याला कॅटवुमन माहीतपण नसेल.

रानमेवा

+१. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

चुलीवरचा चहा

शक्तिमान राहिला की! गोल गोल फिरून माझा दात पडलेला आहे.

पानं मोजणारा

शक्तिमान आधी टीव्हीवर आला, १९९७ ला. कॉमिक नंतर. धागा उलटा होतो.

चुलीवरचा चहा

दात तर खरा पडला ना भाऊ.

शाळेची घंटा, अंबाजोगाई

शिक्षिका आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनात वेशभूषा असते आणि परीक्षक म्हणून मला बसवतात. गेल्या वर्षी अकरा स्पायडरमॅन, चार आयर्न मॅन, दोन शिवाजी महाराज, एक टोमॅटो. शेवटी एक चौथीतला मुलगा आला. पिवळा-निळा पोशाख, कमरेला पुठ्ठ्याचा पट्टा, त्यावर चांदीच्या कागदाचा तारा. पायात रोलर स्केट, तेपण मोठ्या कुणाचेतरी. पडत पडत आला.

मी विचारलं, "बाळा, तू कोण?" तो म्हणाला, "सुपर कमांडो ध्रुव." हॉल शांत. एका पालकाने "कोण?" म्हणून मोठ्याने विचारलं. मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी सांगू का, मला माहीत होतं! माझ्या दोन्ही भावांनी राज कॉमिक्सचे ढीग वाचलेत. सर्कशीतला पोरगा, आईबाप आगीत गेले, कसली शक्ती नाही, नुसतं डोकं आणि मोटारसायकल. मी माईकवर विचारलं, "मग तुझी पॉवर काय?" तो म्हणाला, "काहीच नाही मॅडम," आणि मागं बसलेले त्याचे वडील उठून टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. पोशाख त्यांनी शिवलेला, शिंपी आहेत.

ध्रुवचा सिनेमा आलाच नाही. त्याच राज कॉमिक्समधल्या नागराजचा नाही, डोगाचा तर यायचा यायचा म्हणून राहिला. मला कधी वाटतं बरं झालं, कधी वाटतं त्या दिवशी हॉलमध्ये निदान चार जणांनी तरी ओळखलं असतं.

बक्षीस टोमॅटोला गेलं. ध्रुवला माझं एकटीचं मत होतं, बाकी दोन परीक्षक पाहुणे होते.

ट्यूशन गल्ली

मॅडम टोमॅटोला???

शाळेची घंटा, अंबाजोगाई

टोमॅटो फार गोड होता रे. बालवाडीतला. स्टेजवर झोपला.

लातूरची लेक

ध्रुव सुपरहिरो म्हणून चालत असेल तर फास्टर फेणे पण चालवा. कॉमिक नाही, भा. रा. भागवतांची पुस्तकं, पण आमचा तोच होता. सिनेमा २०१७ चा, निर्माता आमचा लातूरचा रितेश देशमुख, म्हणून घरदार बघायला गेलं. पुस्तकातला बन्या शाळेतला, काटकुळा, सायकलवर. सिनेमात चांगला मोठा झालेला, मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. मी नाक मुरडून बसलेले. पण परीक्षेतला घोळ सुरू झाला आणि माझ्या शेजारी बसलेला भाऊ (तेव्हा ट्यूशनला होता) खुर्चीच्या टोकावर. बाहेर येऊन फेणेसारखं "ट्टॉक्" करत होता घरापर्यंत. त्याने नंतर पुस्तकं वाचली माझी. पानं दुमडली नालायकाने, पण वाचली.

पानं मोजणारा

चालवलं. पण आता कुणी चाचा चौधरी काढू नका.

चुलीवरचा चहा

साबू कुठंय.

उगीच आपली

मी फक्त वाचते इथं, लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या कॉलनीत व्हीसीआर भाड्याने आणून सुपरमॅन दाखवला होता, ख्रिस्तोफर रीव्हचा. पप्पांना तो फार आवडायचा. "माणूस साधा आहे," म्हणायचे. कपाळावरची ती बट त्यांनी माझ्या भावाला पाणी लावून काढून दिली होती.

९६ ला पप्पा कापसाच्या गाडीवरून पडले. कमरेखालचं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी रीव्ह घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला होता, ते आम्ही पेपरात वाचलेलं होतं. भावाने भिंतीवरचं पोस्टर काढून टाकलं. पप्पा म्हणाले, लाव परत. पुढं खुर्चीवरचा त्याचा फोटो पेपरात आला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्याला उचलायला मशीन आहे का माणूस आहे?" आमच्याकडं आई होती.

२०१३ चा नवा सुपरमॅन मुलाबरोबर बघायला गेले. शेवटी तो त्या खलनायक झॉडची मान मोडतो. आवाज येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मुलाचा हात धरून बाहेर आले, तो चिडला, अजून पाच मिनिटं होती म्हणे. त्याला काय सांगणार. त्याच्यासाठी सुपरमॅन म्हणजे तोच.

शाळेची घंटा, अंबाजोगाई

ताई, लिहिलंत ते बरं केलं.

टँकरमुक्त, जालना

ताई वडिलांसाठी हवेची गादी मिळते, पाठीला जखमा कमी होतात. आमच्या चुलत्यांना घेतली होती, पाहिजे तर चौकशी करून सांगतो.

उगीच आपली

दादा, ते २०११ ला गेले. पण विचारलंत, आभारी आहे.

टँकरमुक्त, जालना

माफ करा ताई. गाडीत बसून घाईत वाचलं.

नमस्ते नांदेड

@गोदाकाठचा, त्या पेटीला कसर लागली असेल तर डांबरगोळ्या टाकू नका. कडुलिंबाचा पाला वाळवून कापडात बांधून ठेवा. आणि अंक विकायचे असले तर आधी मला सांगा.

खुलताबादी

आधी मला. भाईच्या पाटीशेजारी ठेवीन.

गोदाकाठचा

विकायचे नाहीत. उतरलो आता माळ्यावरून, जेवायला बोलावलं. भाचा तीन अंक घेऊन वर गच्चीवर गेलाय, कशाला ते विचारलं नाही. बहुतेक आणखी मीम काढायचे असतील. दाजींना हा धागा पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "वांगं म्हणजे मी नव्हतो म्हणलो, तू म्हणला होता." आता हे कुणाला विचारावं? त्या खोलीतले दोघे तर गेले.

मिरगाचा पाऊस, बीड

अहो गोदाकाठचे, तुमचा तो पानं नसलेला अंक. भुयारात पाणी चढतंय, आणि वर कोपऱ्यात एक मशाल विझत आलीय, असं चित्र आहे का?

गोदाकाठचा

हो!! मशाल आहे. उजव्या कोपऱ्यात.

मिरगाचा पाऊस, बीड

मग तो आमच्या गोठ्यातला अंक आहे, म्हणजे तोच. शेवटची पानं आहेत, एकावर वासराने चघळलंय थोडं पण अक्षर दिसतं. भावाकडं गावाला आहे, त्याला फोटो काढून पाठवायला सांगते. आधी दळण आणते, गिरणी सातला बंद होते.